आगाऊ भरलेलं पेट्रोल

हेन्री फोर्डने साऱ्या अमेरिकेला पेट्रोलची मॉडेल टी विकली, पण त्याची बायको क्लारा गावात फिरायची ती विजेच्या मोटारीतून. तिची १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक अजून डिअरबॉर्नच्या संग्रहालयात ठेवलेली आहे. उंच टप, चहूबाजूंनी काचा, आत दिवाणखान्यातल्यासारख्या बैठका आणि स्टिअरिंगच्या चाकाऐवजी आडवा दांडा. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे जाऊन हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडे. इथे ती भानगडच नव्हती. बसायचं, खटका पुढे करायचा, निघायचं. त्या काळच्या जाहिरातींत या गाड्यांशेजारी हमखास एखादी टोपीवाली बाई दिसते, ती उगीच नाही.

मी मूळची सांगलीची. बंगळुरूच्या एका पॉलिटेक्निकमध्ये निवृत्त होईपर्यंत मुलांना मोटर आणि ट्रान्सफॉर्मर शिकवले. २००६ साली मी एका डॉक्टरांची वापरलेली विजेची छोटी मोटार, रेवा, विकत घेतली, तेव्हा मल्लेश्वरमच्या आमच्या इमारतीतले एक गृहस्थ गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, ‘छान आहे हो, लेडीजना बरी.’ क्लाराबाईंना जाऊन अर्धशतक उलटलं होतं. शेरा तोच होता!

खरं तर विजेची मोटार ही बायकांची गाडी कधीच नव्हती, ज्यांच्याकडे आधीच एक गाडी आहे त्यांची होती. १९१२च्या सुमाराला अमेरिकेत पेट्रोलची साधी मोटार साडेसहाशे डॉलरला मिळे आणि विजेवरची दोन माणसांची उघडी गाडी साडेसतराशेला. डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी हवी असेल तर वर सहाशे डॉलर मोजावे लागत. ती शिशाच्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त टिके, यात वाद नाही. पण १९१४पर्यंत अख्खी मॉडेल टी सहाशे डॉलरच्या आत आली होती. म्हणजे एका घरात नुसत्या बॅटरीला जे पैसे पडत, त्यात शेजारच्या घरासमोर नवीकोरी मोटार उभी राही.

विजेची गाडी का मागे पडली, याची पुस्तकी उत्तरं ठरलेली आहेत. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडलचा त्रास संपला. टेक्ससच्या तेलाने पेट्रोल स्वस्त झालं. रस्ते गावाबाहेर गेले. सगळं खरं आहे. पण माझ्या मते गोम पैसे कधी द्यायचे यात होती. विजेच्या गाडीची बॅटरी घेणं म्हणजे पुढल्या कित्येक वर्षांचं पेट्रोल आजच विकत घेणं. आमच्या सांगलीत उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची पद्धत होती. भाव पडलेला असे, निवडून-टिपून पोती रचली की वर्षभराची ददात मिटे. पण ज्याच्या हातात एकरकमी पैसा नाही, तो वाण्याकडून आठवड्याला दोन किलो आणतो, चढ्या भावाने आणतो, आणि दुसरा मार्ग नसतो म्हणून आणतो. पेट्रोल हे त्या दोन किलोंसारखं आहे. हिशोबाने महाग, पण परवडणारं.

ही गोम अमेरिकेत कनेटिकटमधल्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने तेव्हाच ओळखली होती. १९१२ पासून पुढे दहा-बारा वर्षं ही वीज कंपनी अशी सोय देत होती, की तुम्ही बॅटरीशिवाय गाडी विकत घ्या, बॅटरी आमची. दरमहा ठरावीक रक्कम द्या, वर जितके मैल चालवाल तितक्यांचे पैसे द्या. बॅटरी उतरली की बदलून भरलेली मिळे. गिऱ्हाईक मुख्यतः मालवाहू ट्रकवाले होते आणि त्यांनी मिळून साठ लाख मैलांच्या वर गाड्या हाकल्या. मी हे वाचलं तेव्हा रेवाचा दुसरा बॅटरीसंच संपत आला होता, त्यामुळे फार मन लावून वाचलं.

रेवाची हकिकत आमच्या गावची. ज्या बंगळुरूत १९०५ साली शिवनसमुद्रमच्या पाण्यावर केलेल्या विजेचे दिवे रस्त्यावर लागले, तिथे विजेची मोटार व्हावी हे ओघानेच आलं. रेवाच्या आधी केरळात चालकुडीच्या एडी करंट कंट्रोल्सने १९९३च्या सुमाराला ‘लव्हबर्ड’ नावाची दोन माणसांची गाडी केली होती, दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलीही होती. ती टिकली नाही. रेवा टिकली, याचं श्रेय चेतन मैनी यांच्या चिकाटीला. मिशिगन विद्यापीठात शिकताना ते सौर मोटारीच्या चमूत होते. त्यांची ‘सनरनर’ १९९० साली अमेरिकेतली शर्यत जिंकली आणि ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत तिसरी आली. पुढे कॅलिफोर्नियाच्या अमेरिगॉन कंपनीबरोबर मैनी समूहाने १९९४ साली भागीदारी केली आणि २००१ साली बोम्मसंद्रच्या कारखान्यातून गाडी बाजारात आली. (अमेरिगॉनने पुढे मोटारींचा नाद सोडला आणि मोटारींच्या गार-गरम होणाऱ्या सीटांवर नाव कमावलं. धंद्यात असंही होतं.) जनरल मोटर्सने १९९६ला काढलेली ईव्ही-वन ही विजेची गाडी नुसती भाड्याने दिली जायची, आणि कंपनीने त्यातल्या बहुतेक परत घेऊन चेचून टाकल्या. रेवा मात्र रोख पैसे मोजून आपल्या नावावर करता येई. त्या दशकात जगात हे फार थोड्या ठिकाणी शक्य होतं.

गाडी म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर एबीएस प्लॅस्टिकची अंगं, दोन दारं, मागे दोन पोरं मावतील एवढी जागा. पुढच्या सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, दोनशे अँपिअर-अवरच्या. आठ सक अठ्ठेचाळीस व्होल्ट, गुणिले दोनशे, म्हणजे साडेनऊ युनिटांच्या थोडं वर वीज. बॅटऱ्यांचंच वजन अडीचशे किलोंच्या पुढे. कंपनीच्या हिशोबात एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटर आणि वेग ताशी पासष्ट. घरातल्या गिझरला लागतो तो पंधरा अँपिअरचा सॉकेट पुरे. अडीच तासांत ऐंशी टक्के, रात्रभरात पूर्ण. किंमत सुरुवातीला अडीच लाखांच्या घरात, आणि मारुती ८०० त्याहून स्वस्त, शिवाय तिच्यातून सांगलीला जाता येई.

सॉकेटचीच आधी गोष्ट सांगायला हवी. आमच्या इमारतीच्या कमिटीने तो सहा महिने लांबवला. सामायिक मीटरची वीज ही बाई फुकट वापरणार, असा संशय होता. मी माझ्या खर्चाने वेगळा मीटर बसवून, वायरची जाडी, फ्यूज, अर्थिंग सगळं कागदावर काढून दिलं. तरी एका काकांनी विचारलं, ‘पावसात शॉक बसला तर?’ माझ्या विद्यार्थ्यांनी तोंडी परीक्षेत इतके प्रश्न झेलले नसतील. शेवटी मीटर लागला आणि पहिल्या महिन्याचं बिल आलं, तेव्हा तेच काका ते हातात धरून बराच वेळ उभे होते. एवढंच?

एवढंच. युनिटला साडेचार रुपये धरले, वाया जाणारी वीज जमेस धरून पूर्ण चार्जला दहा युनिटं धरली, आणि शहरातल्या रहदारीत साठ किलोमीटर मिळाले असं मानलं, तर किलोमीटरला पाऊण रुपया. बंगळुरूत तेव्हा पेट्रोल पन्नाशीला टेकलेलं. मारुतीला किलोमीटरमागे सव्वातीन रुपये सहज लागत. हा हिशोब मी वर्गात फळ्यावर मांडायचे आणि पोरं खूश व्हायची. मग मी खालच्या ओळीत बॅटरी लिहायची. नवा संच पाऊण लाखाच्या आसपास, आयुष्य तीन वर्षं. रोज चाळीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तीन वर्षांत छत्तीस हजार किलोमीटर. भागाकार करा. दोन रुपयांच्या वर येतो. विजेत मिळवा. झाले पावणेतीन-तीन. म्हणजे मारुतीच्या जवळपास. आणि गाडी कमी वापरली तर आणखी वाईट, कारण शिशाची बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होतेच. सरळ सांगायचं तर पैसे वाचवायला रेवा घेणाऱ्याने रोज भरपूर चालवायला हवी होती, आणि तिला भरपूर चालवत नव्हतं.

बॅटरीचं म्हातारपण हळूहळू येत नाही, एका सेलमधून येतं. आठ बॅटऱ्या म्हणजे चोवीस सेल, एकामागे एक जोडलेले. महिन्यातून एकदा मी सीट उचलून, हातमोजे घालून डिस्टिल्ड वॉटर भरायची आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधलं आम्ल ओढून बघायची. चांगल्या सेलमध्ये काचेतला तरंगता दांडा १.२७ला उभा राहायचा. एक दिवस मधल्याच एका सेलमध्ये तो १.२०च्याही खाली बुडाला. बाकीचे तेवीस ठणठणीत. पण गाडी त्या चोविसाव्याच्या मर्जीवर. काटा अर्धी बॅटरी दाखवायचा आणि मेखरी सर्कलचा चढ लागला की झपकन खाली. चढावर करंट वाढतो. शिशाच्या बॅटरीतून सावकाश काढले तर दोनशे अँपिअर-अवर मिळतात, घाईने ओढले तर त्यातले बरेच हाती लागतच नाहीत. पोरांना हे शिकवताना आलेख काढावा लागतो. मला मागच्या बसचा हॉर्न पुरायचा.

जे. सी. रोडवरच्या बॅटरीवाल्याकडे गेले, एकच बॅटरी बदलून मागितली. तो म्हणाला, ‘मॅडम, आठ के आठ बदलो. एक नई डालोगे तो बाकी सात उसको खा जाएंगे.’ शास्त्रही हेच सांगतं, फक्त जास्त पानांत. त्याने जुन्या आठ वजन करून शिशाच्या भावाने घेतल्या. भंगाराची ती वजावट झाली, तेवढीच दिलासा देणारी रक्कम.

आता गंमत बघा. हीच गाडी, बोम्मसंद्रहून बोटीत बसून लंडनला गेली, ‘जी-विझ’ नावाने, आणि तिथे ती स्वस्त ठरली. लंडनच्या मध्यभागात मोटार नेण्यावर फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला पाच पौंड कर होता, २००५च्या जुलैपासून आठ. विजेच्या गाड्यांना माफ. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे नुसत्या कराचे दोन हजार पौंड वाचले. गाडी सात-आठ हजारांची. चार वर्षांत ती स्वतःची किंमत करातच वसूल करी, वर काही भागांत पार्किंगही फुकट. लंडनमध्ये हजाराच्या घरात गाड्या विकल्या गेल्या. ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या मासिकवाल्यांनी तिची टिंगल केली, २००७ साली भिंतीवर आपटून तिचा चुराडा छापला. कायद्याने ती मोटार नव्हतीच, चारचाकी हलकं वाहन होती, म्हणून तिला मोटारींच्या चाचण्या लागू नव्हत्या. टीका रास्त होती. तरी लंडनचा पगारदार माणूस ती घेत होता आणि जिथे ती बनली तिथला पगारदार माणूस तिच्याभोवती फेरी मारून मारुती घ्यायला जात होता. गाडी तीच, बॅटरी तीच. फरक एवढाच की तिथे धुराची किंमत दुसऱ्याकडून रोज वसूल होत होती, इथे होत नव्हती.

आपल्या सरकारला जाग आली ती नोव्हेंबर २०१०मध्ये. कारखान्यातल्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत, विजेच्या मोटारीला जास्तीत जास्त एक लाखाची सवलत. मार्च २०१२ला ती संपली आणि पुढची ‘फेम’ योजना यायला २०१५चा एप्रिल उजाडला. मधली तीन वर्षं कारखानदारांनी काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. २०१०च्या मे महिन्यात महिंद्रांनी रेवातला मोठा हिस्सा घेतला होता. २०१३ला लिथियम बॅटरीची ‘ई-टू-ओ’ आली, दिल्लीत रस्त्यावर यायला सहा लाखांच्या जवळ. वर्षभराने बॅटरीचे पैसे दरमहा वेगळे देण्याची सोयही झाली. हार्टफर्डची युक्ती, शंभर वर्षांनी.

ती तेव्हा फारशी चालली नाही. २०२४च्या सप्टेंबरात एमजीची ‘विंडसर’ आली तेव्हा पुन्हा तेच: गाडी दहा लाखांच्या आत, बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. माझ्या भाच्याने ती घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला, ‘मावशी, हे बरोबर आहे का?’ मी त्याला रोजचे किलोमीटर विचारले, वीज मिळवली, पेट्रोल वजा केलं. त्याचं पुण्यातलं येणं-जाणं लांबचं आहे, त्याला चालतं. त्याच्या सासऱ्यांना, जे मंडई आणि देवळाशिवाय कुठे जात नाहीत, त्यांना गाडीच्या किमतीचं व्याज सुटणार नाही.

विजेची गाडी खरोखर परवडवून घेतली ती बॅटरी-रिक्षावाल्यांनी. गेल्या वर्षी नागपूरला सीताबर्डीवर एकाच्या शेजारी पुढेच बसले, कारण मागे जागा नव्हती. सीटखाली चार शिशाच्या बॅटऱ्या, बारा व्होल्टच्या. मी विचारलं, किती टिकतात? ‘वर्ष नाही भरत, ताई.’ मग नवीन कशा घेता? दुकानदार जुन्या ठेवून घेतो, उरलेल्याचा हप्ता रोजचा, दोनशे रुपये, संध्याकाळी पोरगा येऊन घेऊन जातो. मी मनातल्या मनात व्याजाचा दर काढला. तो सावकाराचा होता. त्यालाही ठाऊक होतं. ‘पण पंपावरही रोजच द्यावे लागायचे ना,’ तो म्हणाला आणि झाशी राणी चौकात एक सवारी दिसली म्हणून रिक्षा डावीकडे घेतली.