एकाच प्रतीची राख : खान्देशातला कॅमेरा आणि आपल्या आठवणी

तीन वर्षांपूर्वी धुळ्यात माझ्या भाचीचा निकाह झाला. दोन दिवसांत स्टुडिओवाल्या पोराने दोन हजारांवर फोटो काढले. चाळीस पानांचा अल्बम आला, सगळ्यांनी पाहिला, कपाटात गेला. पुढच्या वर्षी मेहुण्यांचा इंतकाल झाला. तेव्हा आपाला आठवले की रुखसतीच्या वेळी त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि तो फोटो निघाला होता. अल्बममध्ये तो नव्हता. आम्ही स्टुडिओत गेलो. पोराने मान खाली घालून सांगितले, "आपा, हार्ड डिस्क उडाली."

त्याने 'बॅकअप' घेतला होता, हे विशेष. फोटोंची वर्गवारी करणाऱ्या सॉफ्टवेअरची कॅटलॉग फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर होती. त्याने ती उघडून दाखवली. पडद्यावर राखाडी चौकोनांच्या रांगा उभ्या राहिल्या. फाइलचा नंबर, तारीख, वेळ, एक्स्पोजर किती वाढवले, सारी नोंद शाबूत होती. फोटो नव्हता. अशा कॅटलॉगमध्ये फोटो नसतातच. फोटो कुठे ठेवला आहे आणि त्यावर काय काम केले, एवढेच त्यात लिहिलेले असते. पोराला हे कुणी सांगितले नव्हते.

घरी परतताना मला रागापेक्षा इतिहासच जास्त आठवत होता. कारण हीच चूक आपल्या खान्देशच्या उंबरठ्यावर दीडशे वर्षांपूर्वी झाली होती, आणि तीही दोनदा.

अजिंठ्याच्या दोन आगी

अजिंठ्याची लेणी जळगावपासून साधारण साठ किलोमीटरवर आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती पडली आणि बाहेरच्या जगाला त्यांची खबर लागली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. त्याने त्यात वर्षानुवर्षे घालवली. त्याची मोठमोठी तैलचित्रे लंडनजवळच्या सिडनहॅमला, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. मोजकी चित्रे वगळता सारे जळाले.

मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यात उतरले. १८८५ पर्यंत हे काम चालले. नकला लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पाठवल्या गेल्या. त्याच १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतल्या कित्येक नकला नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे कष्ट एकाच शहरातल्या दोन आगींनी खाल्ले. चूक चित्रकारांची नव्हती. प्रत एकच होती आणि ती एकाच छपराखाली होती.

पण गिलच्या हातात ब्रशबरोबर कॅमेराही होता. १८५० च्या दशकापासून तो लेण्यांचे फोटो घेत होता. त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काच जागेवरच रसायनाने माखायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी धुवायची. म्हणजे अंधारखोली बरोबर घेऊनच डोंगर चढायचा. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. चित्रे जळाली, फोटो राहिले. ते अधिक सुंदर होते म्हणून नव्हे, त्यांच्या प्रती अनेकांच्या घरी होत्या म्हणून. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे.

याझदानींचे चार खंड

यानंतरचे नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे, ते गुलाम याझदानी यांचे. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले आणि दिल्लीत जन्मलेले याझदानी त्याचे पहिले संचालक झाले. लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नकला केल्या, तेव्हा नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमदही तिथे राबले होते. पुढे तेच लेण्यांचे क्युरेटर झाले. रंगांचे पापुद्रे सुटू लागले म्हणून १९२० साली निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले.

याझदानींनी मोठा निर्णय घेतला तो छायाचित्रणाचा. नकलाकार कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा हात मध्ये येतोच. म्हणून त्यांनी रंगीत छायाचित्रणाच्या जाणकाराकरवी लेण्यांचे फोटो घेऊन घेतले आणि ते 'अजंता' या ग्रंथाच्या चार भागांत छापले. पहिला भाग १९३० चा, शेवटचा १९५५ चा. हा ग्रंथ छायाचित्रांवर आधारित आहे, हे त्यांनी शीर्षकातच नोंदवले. मधल्या काळात ते निवृत्त झाले, देशाची फाळणी झाली, निजामाचे राज्य गेले, तरी काम पुरे झाले. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बौद्ध भिक्खूंचा वारसा एका मुसलमान अधिकाऱ्याने आयुष्याची पंचवीस वर्षे घालून जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचवला. आज लेण्यातला एखादा कोपरा झिजला, तर तो आधी कसा होता हे पाहायला या चार खंडांकडे जावे लागते.

धुळ्यातही याच विचाराचा माणूस राहून गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरे शोधत. त्यांनी कागद जमवून पेटीत ठेवले नाहीत, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड छापले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. मूळ कागदाला उद्या वाळवी लागली तरी छापलेला मजकूर राहणार आहे.

चाळीसगावची अंधारखोली

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस यांचा बंगला आहे. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी माणूस स्टेशनजवळच्या त्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून राहिला. घराबाहेर न पडता टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून तो असे फोटो घेई, की पाहणाऱ्याला ते बाहेरच्या निसर्गाचे वाटावेत. आज फोटोशॉपमध्ये लेयरवर लेयर ठेवून मुलगा जे करतो, ते मूस टेबलावर आणि अंधारखोलीत करत. त्यांच्या कलादालनात ते काम आजही पाहता येते. कागदावर छापलेला फोटो उघडायला ना पासवर्ड लागतो ना सॉफ्टवेअर.

आजचे काम, आजची जबाबदारी

डिजिटल कॅमेऱ्याने फार दिले, हे नाकारता येत नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा मावतात, जेपीईजीत फक्त २५६. म्हणून मंडपातल्या पिवळ्या दिव्याखालचा फोटोही रॉमधून बराच सुधारता येतो. चांगली सॉफ्टवेअरे मूळ फाइलला हात न लावता बदल वेगळे नोंदवतात. नाशिकचे प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे फोटो मंद प्रकाशात घेतले आणि संगणकावर त्यांतले झिजलेले भाग पुन्हा उभे केले. भिंतीला धक्का न लावता हे होऊ शकले, ते डिजिटल फोटोमुळेच.

पण जळगाव-धुळ्याच्या रोजच्या धंद्यात काय होते? कार्ड संगणकावर रिकामे होते आणि लगेच पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट होते. त्या क्षणी सारे लग्न एका डिस्कवर उरते. गिऱ्हाइकाला अल्बम मिळतो आणि व्हॉट्सॲपवर काही फोटो. तिथे फोटो लहान होऊन येतो. १६०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने छापला, तर जेमतेम सव्वापाच बाय चार इंच. भिंतीवर लावायची फ्रेम त्यातून निघत नाही.

पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने एक साधा नियम रूढ केला. प्रती तीन ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, आणि एक दुसऱ्या जागी ठेवा. अजिंठ्याच्या दोन आगी ज्याला ठाऊक आहेत, त्याला हा नियम निराळा शिकवावा लागत नाही.

आपल्या समाजात तर हे जास्तच जाणवते. कित्येक घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो हजच्या पासपोर्टवरचा असतो. आजीचा तोही नसतो. फोटोची सवय आपल्याकडे उशिरा आली, आणि आली तेव्हा ती थेट मोबाइलमध्ये गेली. कागदाचा टप्पा अनेक घरांनी पाहिलाच नाही. म्हणजे आपल्या पुढच्या पिढीचा सगळा पुरावा एका पडद्यावर अवलंबून आहे.

म्हणून स्टुडिओवाल्या भावांना विनंती, की दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका आणि कॅटलॉगला बॅकअप समजू नका. घरच्यांना विनंती, की अल्बमबरोबर सगळ्या मूळ फाइली मागून घ्या, त्यासाठी डिस्कचे पैसे द्या, एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. आणि वीस फोटो तरी कागदावर छापा, मागे नावे लिहा.

आपाकडे शेवटी एक फोटो निघाला. कुणा पाहुण्याने मोबाइलवर घेतलेला, हललेला. मेहुण्यांचा चेहरा त्यात नाही, फक्त लेकीच्या डोक्यावर ठेवलेला हात आहे. आम्ही त्याच्या तीन प्रती छापल्या. एक धुळ्यात, एक जळगावात माझ्याकडे, आणि एक भाचीच्या सासरी.