नाताळगीतांचे पुस्तक : अक्षर, चित्र आणि आपली माती

आगमनकाळ सुरू झाला की गावोगावच्या गायकमंडळांच्या जुन्या वह्या बाहेर निघतात. कुणाच्या वहीतील शाई फुटलेली असते, कुणाची पाने कसरीने खाल्लेली असतात. कितीएक गीते तर कोणत्याच वहीत नसतात. ती एखाद्या आजीच्या ओठांवर असतात आणि तिच्याबरोबरच मातीआड होतात. ही गीते वाचवायची तर त्यांचे पुस्तक झाले पाहिजे. मात्र पुस्तक म्हणजे केवळ छापलेले कागद नव्हेत. ते गाणाऱ्याच्या हाती टिकावे, रात्री दिव्याच्या उजेडात वाचता यावे आणि त्यातील चित्र पाहून लेकरांना प्रभूचा जन्म आपल्याच दारी झाला असे वाटावे. असे पुस्तक कसे सिद्ध करावे, याची माहिती धर्मग्रामातील कार्यकर्त्यांसाठी येथे एकत्र देत आहोत.

हे लिहिताना आम्ही वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव डोळ्यांपुढे ठेवले आहे. वऱ्हाडात डिसेंबर म्हणजे कपाशीच्या वेचणीचे दिवस. तुरी शेंगांनी लवलेल्या असतात, हरभरा हिरवागार असतो. येथे बर्फ नाही, सूचिपर्णी झाड नाही. कामरगावच्या अंगणात चौघांत एक प्रत असताना जे पुस्तक उपयोगी पडेल, ते महाराष्ट्रात कोठेही उपयोगी पडेल.

गीतांचे मूळ

युरोपात ‘कॅरल’ या शब्दाचा जुना संबंध फेर धरून गायच्या गीतांशी आहे. आपल्याकडील भोंडल्याची वा भुलाबाईची गाणी आठवली की हे चटकन उमगते. म्हणजे नाताळगीत हे मुळातच लोकांचे, लोकभाषेतील गाणे आहे.

मराठीत या परंपरेला चारशे वर्षांचा आधार आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीछंदात रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यात ख्रिस्तजन्माची कथाही आली आहे. त्या काळी गोव्यात देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ साली. आपली वाणी आपल्या अक्षरांत पाहण्यासाठी तीनशे चाळीस वर्षे जावी लागली, हे पुस्तक करणाऱ्याने विसरू नये. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी प्रॉटेस्टंट बंधूंच्या उपासनेत अभंग आणि भजन यांना मानाचे स्थान मिळवून दिले. पाळणा, ओवी आणि भजन हे तिन्ही प्रकार ख्रिस्तजन्माला जणू शोभण्यासाठीच घडलेले आहेत. वऱ्हाडाला तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनाचा ठेकाही लाभला आहे.

निवड आणि क्रम

गीतांचा क्रम उपासनावर्षाप्रमाणे ठेवावा : आगमनकाळ, नाताळची पूर्वसंध्या व मध्यरात्रीची मिस्सा, नाताळचा दिवस, प्रकटीकरणाचा सण. घरोघरी फिरताना गायच्या गीतांचा भाग वेगळा करावा. १८५७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘जिंगल बेल्स’ हे घसरगाडीचे आनंदगीत आहे. त्यात ख्रिस्तजन्माचा उल्लेखही नाही. त्याला उपासनेच्या भागात स्थान देऊ नये.

स्वामित्वहक्काचाही विचार हवा. भारतीय कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला प्रथम गायले गेलेले ‘सायलेंट नाइट’ आज सर्वांचे आहे. मात्र त्याचा मराठी अनुवाद अनुवादकाचा असतो. त्याची वा त्याच्या वारसांची लेखी अनुमती घ्यावी.

तोंडी गीत टिपताना गाणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव, गाव आणि वर्ष गीताखाली छापावे. आजीने वऱ्हाडी बोलीत गायलेले गीत ‘शुद्ध’ करून छापण्याचा मोह टाळावा. शब्द बदलला की चालही अडखळते आणि ज्याचे गाणे त्यालाच ते परके होते. कठीण शब्दाचा अर्थ तळाशी द्यावा. गीताला हात लावू नये.

अक्षर

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात. म्हणून दोन ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी हवे. अंगणातील उजेडासाठी सोळा ते अठरा पॉइंट आकार योग्य. टंक निवडताना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्यात आहेत का, हे पाहावे; महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेत हीच रूपे स्वीकारली आहेत. टंकाची परीक्षा घेण्यास ‘वऱ्हाड’ हा एकच शब्द पुरे. ज्या टंकात ‘ऱ्ह’ तुटतो, तो टंक आपल्या कामाचा नाही. युनिकोड टंकच वापरावा. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात, म्हणून मुद्रितशोधन मूळ वही समोर ठेवून दोघांनी करावे : एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पाहावे.

गीत शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपावे. गाताना पान उलटावे लागू नये. कडवे दोन पानांत तोडू नये. ध्रुपद ठळक छापावे. शेवटी पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची द्यावी. अंधारात गीत शोधणाऱ्याला तिचाच आधार असतो.

स्वरलेखन

चाल पुढील पिढीला मिळावी म्हणून स्वरलेखन आवश्यक आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धत देवनागरीतच असल्याने आपल्याला सोयीची. तीत मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. ही चिन्हे बारीक असतात; छपाईत टिंब उडाले तर सप्तक बदलते. म्हणून स्वरांची ओळ शब्दांच्या ओळीपासून मोकळी ठेवावी आणि तालाचे नाव व मात्रा वर लिहाव्यात : दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा. स्वराखाली शब्द तोडताना उच्चार पाहावा. ‘ख्रिस्त’ लिहिताना ‘ख्रि-स्त’ असा तुटतो, गाताना मात्र ‘ख्रिस्-त’ असा येतो.

चित्र

चित्रकाराने आधी शुभवर्तमान वाचावे. लूकच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणी आहे, बैल आणि गाढव नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या ओवीतून परंपरेने आले. मत्तयने ज्ञानी लोकांची संख्या सांगितलेली नाही. तीन दानांवरून आपण तिघे मानतो. ते गोठ्यात नव्हे, घरात आले असेही तो लिहितो. परंपरा चितारण्यास हरकत नाही. ती परंपरा आहे, एवढे मात्र ठाऊक असावे.

मग बेथलेहेम वऱ्हाडात आणावे की नाही? द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनेविषयीच्या संविधानात ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले आहे. त्याआधीच गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेला साडीत रंगवले होते. त्यासाठी त्यांना स्वजनांची टीका सोसावी लागली आणि त्यांनी पुण्यात राहून काम केले. मुंबईच्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनीही भारतीय शैलीत ख्रिस्तचरित्र रंगवले. एकेकाळी ज्यांना दूषणे मिळाली, त्यांचीच चित्रे आज आपण अभिमानाने दाखवतो.

तेव्हा आमच्या मते गव्हाणीत कडबा आणि कुटार दिसावे. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी असावी. संत योसेफाच्या हाती सुताराचा वाकस असावा. मरियेच्या अंगावर लुगडे असावे. दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. एक, दुसऱ्या धर्माच्या देवप्रतिमेची नक्कल करून वर तारा काढणे. त्यात ना आपला मान राहतो ना त्यांचा. दुसरी, गोठा नटवून सुंदर करणे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे खरे बैल, खरे गाढव आणि खरे गवत मांडले, ते प्रभूची गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी म्हणून. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तेथूनच गोठ्याच्या देखाव्याविषयी पत्र प्रसिद्ध केले. ज्या शेतकऱ्याच्या घरी यंदा कापसाला भाव मिळाला नाही, त्याला चकचकीत गोठा परका वाटेल. कुटाराचा वाटणार नाही.

छपाई

रेखाचित्रे एकाच रंगात स्वच्छ छापली जातात आणि झेरॉक्समध्येही टिकतात. ती दर इंचाला किमान ६०० ठिपके या घनतेने स्कॅन करावीत. कागद ८० ग्रॅमचा, किंचित पिवळसर मॅपलिथो घ्यावा. चकचकीत कागदावर दिव्याचा उजेड डोळ्यांत परावर्तित होतो. आकार ए-५, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर. सोळा पानांच्या फर्म्याचे चार फर्मे केले तर चौसष्ट पाने होतात आणि मधोमध पिना मारलेले पुस्तक गाताना सपाट उघडते. रंग फक्त मुखपृष्ठाला पुरे.

शेवटी दोन-तीन कोरी पाने अवश्य सोडावीत. पुस्तक छापून झाल्यावरच कुणाला तरी आईचे गाणे आठवते. ते गाणे त्या पानावर उतरू द्यावे. यंदा आगमनकाळात प्रत्येक धर्मग्रामाने घरातील वृद्धांजवळ बसून एक तरी विस्मृतीत चाललेले नाताळगीत लिहून घ्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे. चित्रे पुढच्या वर्षीही काढता येतील. आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.