आगगाडीवरील दरोडा आणि चौदावा देखावा

पडद्यावर एक मिशाळ दरोडेखोर छातीपर्यंत दिसतो. डोक्यावर रुंद कांठाची टोपी, गळ्यांत रुमाल. तो सरळ प्रेक्षकांकडे पाहतो, हातांतील पिस्तूल त्यांच्यावर रोखतो आणि एकामागून एक बार काढतो. धुराचा लोट उठतो व चित्र संपतें. 'दि ग्रेट ट्रेन रॉबरी' या १९०३ सालच्या अमेरिकन मूकपटांतील हा देखावा, ज्यांनीं तो चित्रपट कधींही पाहिलेला नाहीं त्यांच्याही परिचयाचा आहे. परंतु त्याविषयींची एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. या देखाव्याला कथेंत ठरलेली अशी जागाच नाहीं. एडिसन कंपनीच्या सूचिपत्रांत असें स्पष्ट सांगितलेलें होतें कीं, हा देखावा खेळाच्या आरंभीं दाखवावा अथवा शेवटीं दाखवावा, दोन्हीं चालेल. बाकीच्या तेरा देखाव्यांना मात्र ही मोकळीक नव्हती. तेरा देखाव्यांचा ठरलेला क्रम आणि चौदाव्याची ही मोकळीक, या दोहोंच्या दरम्यान चित्रपटकलेच्या इतिहासांतील एक मोठें स्थित्यंतर दडलेलें आहे.

तें समजण्यासाठीं त्या काळचा व्यापार कसा चाले हें पाहिलें पाहिजे. चित्रपट तेव्हां कापडासारखे लांबीच्या हिशेबानें विकले जात. या चित्रपटाची लांबी ७४० फूट होती, किंमत १११ डॉलर होती व खेळ सुमारें १२ मिनिटांचा होता. एकदां पैसे मोजले कीं फीत घेणाराच्या मालकीची होई. घेणारे म्हणजे फिरते खेळ करणारे, जत्रेंत तंबू ठोकणारे, किंवा गाण्याबजावण्याच्या नाट्यगृहांत कांहीं मिनिटें पडद्यासाठीं राखून ठेवणारे लोक. ते आखूड आखूड फिती विकत घेत. एखादींत स्टेशनांत शिरणारी आगगाडी, एखादींत समुद्राच्या लाटा, एखादींत आगीचा बंब. मग त्या आपल्या पसंतीप्रमाणें एकीपुढें एक लावीत, मध्यंतरीं व्याख्यान देत, वाद्यें वाजवीत आणि त्यांतून कांहीं एक कथा उभी करीत. सारांश, खरा कथेकरी हा खेळ दाखविणारा होता. चित्रें घेणारा त्याला बहुधा केवळ माल पुरवीत असे.

एडविन एस. पोर्टर याला हे दोन्हीं व्यवसाय ठाऊक होते. त्याचा जन्म १८७० सालीं पेनसिल्व्हानियांत झाला. कांहीं वर्षें त्यानें अमेरिकन आरमारांत काढलीं व पुढें न्यूयॉर्कच्या 'ईडन म्युझी' या करमणुकीच्या संस्थेंत पडद्यावर चित्रें दाखविण्याचें काम केलें. कोणत्या चित्रापुढें कोणतें चित्र लावलें असतां प्रेक्षक सरसावून बसतो, हें त्यानें तेथें रोजच्या अनुभवानें जाणलें असलें पाहिजे. नंतर तो एडिसन कंपनींत शिरला आणि थोड्याच काळांत तिच्या न्यूयॉर्कमधील चित्रशाळेचा प्रमुख चित्रकर्ता झाला. छायायंत्र चालविणें, देखावे बसविणें आणि फीत जोडणें हीं सारीं कामें तेव्हां बहुतांशीं एकाच माणसाकडे असत.

त्यानें निवडलेला विषय वर्तमानपत्रांतून लोकांच्या रोजच्या वाचनांतला होता. पूर्वेकडील व पश्चिमेकडील लोहमार्ग १८६९ सालीं यूटा प्रांतांत एकमेकांस मिळाले आणि निर्जन मुलुखांतून रोकड वाहणाऱ्या गाड्या धांवूं लागल्या. इंडियाना प्रांतांत रेनो बंधूंनीं ६ ऑक्टोबर १८६६ रोजीं लुटलेली गाडी हा अशा दरोड्यांचा आरंभ मानला जातो. पुढें २ जून १८९९ रोजीं वायोमिंग प्रांतांत विलकॉक्सजवळ युनियन पॅसिफिकची गाडी अडविण्यांत आली. दरोडेखोरांनीं उतारूंचे डबे मागें सोडून पुढचे डबे अलग केले व मौल्यवान मालाचा डबा सुरुंगानें फोडला. बुच कॅसिडीच्या टोळीशीं या दरोड्याचें नांव जोडलें जातें. चित्रपट निघाला तेव्हां या गोष्टीला अवघीं चार वर्षें झालीं होतीं. स्कॉट मार्बल याचें याच नांवाचें नाटकही १८९६ पासून रंगभूमीवर आलेलें होतें. तात्पर्य, प्रेक्षकांना हा भूतकाळ नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत संपत आलेलें एक युग होतें.

गंमत ही कीं, पश्चिमेच्या या कथेंत पश्चिमेची मूठभर मातीसुद्धां नाहीं. बाहेरचे देखावे न्यूयॉर्कच्या शेजारीं न्यू जर्सी प्रांतांत, लॅकावाना कंपनीच्या लोहमार्गावर व तेथील रानांत १९०३ च्या नोव्हेंबरांत घेतले गेले. आंतले देखावे न्यूयॉर्कमधील कांचेच्या छपराच्या चित्रशाळेंत रंगविलेल्या पडद्यांपुढें झाले. डिसेंबरांत चित्रपट लोकांपुढें आला.

कथा अगदीं साधी आहे. दोघे दरोडेखोर तारघरांत शिरतात, तारमास्तराला धाक घालून गाडी पाण्याच्या टांकीशीं थांबविण्याचा हुकूम लिहवून घेतात व त्याला बांधून टाकतात. टांकीशीं गाडी थांबतांच टोळी तिच्यावर चढते. मौल्यवान मालाच्या डब्यांतील रखवालदार पेटीची किल्ली बाहेर भिरकावून देतो, एकटा झुंजतो आणि मारला जातो. पेटी सुरुंगानें फोडली जाते. इकडे कोळशाच्या डब्यावर मारामारी होऊन इंजिनावरील एक मजूर प्राणांस मुकतो. इंजिन सोडविलें जातें, उतारूंना खालीं उतरवून ओळीनें उभें केलें जातें, त्यांतला एक पळूं पाहतो व पाठींत गोळी बसून कोसळतो. टोळी इंजिनावरून पसार होते, पुढें उतरून रानांत शिरते आणि घोडे गांठते. येथें कथा तारघराकडे परत वळते. तारमास्तराची लहान मुलगी जेवणाचा डबा घेऊन येते, दोर कापते, तोंडावर पाणी मारून बापाला शुद्धीवर आणते. तो नाचघराकडे धांवतो, लोक बंदुका घेऊन निघतात, पाठलाग होतो व शेवटच्या चकमकींत सारे दरोडेखोर ठार होतात.

आज हें सारें अत्यंत परिचित वाटतें. १९०३ सालीं यांतील जोडणीच नवलाची होती. तारघराच्या खिडकींतून गाडी येतांना दिसते, आणि मालाच्या डब्याच्या उघड्या दारांतून झाडें मागें सरकतांना दिसतात. वास्तविक दोन्हीं जागा चित्रशाळेंतल्या होत्या. फितीचा तेवढाच भाग झांकून ठेवून त्यावर मागाहून दुसरें चित्र घेण्याच्या युक्तीनें हें साधलें होतें. कोळशाच्या डब्यावरील मारामारींत माणसाच्या जागीं मध्येंच बाहुलें येतें आणि तेंच गाडीखालीं फेंकलें जातें. तोही देखावा मात्र धांवत्या गाडीवर छायायंत्र नेऊन घेतलेला आहे. दरोडेखोर इंजिनावरून उतरून उतारावरून पळतात, तेव्हां स्थिर राहण्याची संवय असलेलें छायायंत्र मान वळवून त्यांच्या मागें जातें. कांहीं प्रतींत बंदुकींचा धूर व सुरुंगाचा भडका हातानें रंगविलेला होता.

या चित्रपटाभोंवतीं पुढें 'पहिला' या शब्दाची मोठी आरास उभी राहिली. कथा सांगणारा हा पहिला चित्रपट, जवळून घेतलेलें हें पहिलें चित्र, देखाव्यांची ही पहिली जुळवणी, असें अनेक पुस्तकांतून लिहिलें गेलें. यांतलें एकही विधान टिकत नाहीं. फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिए यानें चंद्रावरील सफरीची सलग कथा १९०२ सालींच पडद्यावर आणली होती. इंग्लंडांत जवळून घेतलेलीं चित्रें त्याच्याही आधीं दिसूं लागलीं होतीं, आणि चोर व शिपाई यांच्या पाठलागाचा शेफील्ड येथील फ्रँक मॉटरशॉ याचा चित्रपट १९०३ मध्येंच पोर्टरच्या आधीं निघाला होता.

किंबहुना, पोर्टरच्या कीर्तीला एकदां पुराव्यानेंच धक्का दिला. त्याच १९०३ सालच्या आरंभीं त्यानें अमेरिकन बंबवाल्याच्या जीवनावर एक चित्रपट काढला होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांतील त्याच्या प्रतींत जळत्या खोलीचे आंतले व बाहेरचे तुकडे आलटून पालटून येत, आणि त्यावरून 'इकडे काय, तिकडे काय' हें एकाच वेळीं दाखविण्याची कला पोर्टरची, असें इतिहासकार म्हणत. परंतु अमेरिकेंत १९१२ पर्यंत चित्रपटांसाठीं स्वामित्वहक्काचा वेगळा कायदा नव्हता. म्हणून कंपन्या आपल्या चित्रांच्या कागदावर काढलेल्या गुंडाळ्या छायाचित्रें म्हणून सरकारी ग्रंथालयांत दाखल करीत. ती जुनी कागदी प्रत तपासल्यावर निराळेंच सत्य बाहेर आलें. पोर्टरनें सुटकेचा प्रसंग प्रथम सबंध आंतून दाखविला होता आणि मग तोच प्रसंग पुन्हां सबंध बाहेरून. आलटून पालटून केलेली जोडणी मागाहून कोणा दुसऱ्याच्या हातची होती. ज्यानें क्रम बदलला त्याचें कर्तृत्व पोर्टरच्या नांवावर जमा झालें होतें.

मग आगगाडीच्या दरोड्याला महत्त्व कोणतें? तारघराकडे परत वळणाऱ्या दहाव्या देखाव्याकडे पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. दरोडेखोर घोड्यांवर चढून दूर गेलेले आहेत, आणि चित्र अचानक बांधलेल्या तारमास्तरापाशीं येतें. येथें काळ पुढें न जातां मागें सरकला आहे. टोळी लूट करीत होती त्याच वेळचें हें तारघर असावें. मध्यें 'इकडे' असें सांगणारा एकही शब्द पडद्यावर येत नाहीं. हें नातें प्रेक्षकानें स्वतःच्या बुद्धीनें जोडावयाचें आहे. पोर्टरची जोडणी ओबडधोबड आहे, पुढें ग्रिफिथनें साधलेली सफाई तींत नाहीं. पण ती बदलतां येत नाहीं. हा देखावा दोन जागा अलीकडे किंवा पलीकडे हलविला तर कथाच कोलमडते. खेळ दाखविणाऱ्याच्या हातून देखाव्यांचा क्रम निसटला आणि तो चित्रकर्त्याच्या हातीं आला, याचा इतका ठळक व इतका लोकप्रिय पुरावा त्या वर्षीं अमेरिकेंत दुसरा नव्हता. आणि व्यापाराची जुनी रीत अद्याप पुरती मोडलेली नव्हती, याची साक्ष म्हणजे तो सुटा चौदावा देखावा. तेवढा एक गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडून दिलेला होता.

चित्रपटाला अमाप यश मिळालें. दुसऱ्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या सिग्मंड ल्यूबिन यानें त्याच नांवाची हुबेहूब नक्कल काढली. १९०५ पासून अमेरिकेंत पांच सेंटांचीं छोटीं चित्रगृहें निघालीं, तेव्हां त्यांना अशाच सलग कथांची भूक लागली. या चित्रपटांत नाचणारा नवखा पाहुणा, पाठींत गोळी लागून मरणारा उतारू आणि टोळींतला एक दरोडेखोर अशीं निरनिराळीं सोंगें वठविणारा जी. एम. अँडरसन हा १९०७ सालीं 'एसनेय' कंपनीचा भागीदार झाला व 'ब्राँको बिली' या नांवानें पश्चिमेच्या चित्रपटांचा पहिला मोठा नायक बनला. पिस्तूल रोखणारा तो मिशाळ दरोडेखोर म्हणजे जस्टस बार्न्स. खुद्द चित्रपटांत मात्र कोणाचेंच नांव नव्हतें. प्राण देणारा रखवालदारही निनावीच मरतो, आणि विशेष हें कीं, कथेंत पुढें कोणी त्याची आठवणसुद्धां काढीत नाहीं.

आगगाडी आणि पडदा यांची ही सोयरीक मुंबईलाही नवी नव्हती. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचा खेळ झाला, त्यांत गाडीच्या आगमनाचें चित्र होतें. तें एकच दृश्य होतें. गाडी येई आणि खेळ संपे. चाळीस वर्षांनीं, १९३६ सालीं, होमी वाडिया यांच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें नादिया धांवत्या गाडीच्या टपावर गुंडांशीं झुंजली, तेव्हां प्रेक्षक टपावरून इंजिनाकडे व इंजिनावरून खलनायकाच्या अड्ड्याकडे विनासायास जात होता. त्याला कोणी 'इकडे' आणि 'तिकडे' समजावून सांगावें लागत नव्हतें. मधल्या काळांत जगभरचा प्रेक्षक ही भाषा शिकला होता.

पोर्टरला स्वतःला मात्र त्या भाषेंत फार पुढें जातां आलें नाहीं. १९०९ मध्यें त्यानें एडिसन कंपनी सोडली, कांहीं काळ अडॉल्फ झुकर याच्याबरोबर मोठे चित्रपट काढले, आणि १९१५ सालीं चित्रें घेणें सोडून तो चित्रें दाखविण्याच्या यंत्रांच्या कारखानदारींत शिरला. नटांपेक्षां यंत्रांत त्याचें मन अधिक रमे. १९४१ सालीं न्यूयॉर्कमध्यें तो वारला, तेव्हां चित्रपटसृष्टीला त्याचा बहुतेक विसर पडला होता. त्याचा दरोड्याचा चित्रपट १९९० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत जतन करण्यासाठीं निवडला गेला.

आज तो चित्रपट पाहतांना चौदावा देखावा बहुधा शेवटींच येतो. दरोडेखोर सारे मेले आहेत, कथा पुरी झाली आहे, आणि तरीही त्यांचा म्होरक्या पुन्हां उभा राहून प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो. तो शेवटीं येतो याचें कारण पोर्टरची आज्ञा नव्हे. कोणा विस्मृत खेळवाल्यानें कधींतरी तो तेथें जोडला, आणि पुढच्या पिढ्यांनीं त्याची निवड मान्य केली, इतकेंच.