महाराष्ट्रातील दुग्धोत्पादनाचे वार्षिक कल

महाराष्ट्रातील दुग्धोत्पादनाचे वार्षिक कल या संज्ञेत दोन गोष्टींचा समावेश होतो. पहिली, वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत दुधाच्या प्रमाणात आणि गुणप्रतीत होणारे चढउतार. दुसरी, एका वर्षाकडून पुढील वर्षाकडे जाताना राज्याच्या एकूण उत्पादनात दिसणारी वाढ अथवा घट. राज्यातील दुग्धव्यवसायात वर्षाचे ‘पुष्टकाळ’ व ‘कृशकाळ’ असे दोन भाग मानण्याचा प्रघात आहे. दुधाचे प्रमाण आणि त्याची गुणप्रत ही दोन्ही नेहमी एकाच दिशेने बदलत नाहीत. दूध उत्पादकाला मिळणारा दर मात्र या दोहोंवर अवलंबून असतो. त्यामुळे हे कल शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी थेट निगडित आहेत.

पुष्टकाळ आणि कृशकाळ

साधारणतः ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने पुष्टकाळाचे व एप्रिल ते सप्टेंबर हे कृशकाळाचे समजले जातात. या विभागणीमागे प्रामुख्याने तीन कारणे आहेत.

पहिले कारण जनावरांच्या विण्याच्या हंगामाचे आहे. म्हैस दिवस लहान होऊ लागल्यावर, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत अधिक प्रमाणात माजावर येते. तिचा गाभणकाळ सुमारे दहा महिन्यांचा असल्याने बहुसंख्य म्हशी पुढील पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत वितात. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दूध सर्वाधिक मिळते. म्हणून म्हशीच्या दुधाचा भर हिवाळ्यात येतो. गाय वर्षभर केव्हाही विऊ शकते, त्यामुळे गाईच्या दुधातील चढउतार तुलनेने सौम्य असतात.

दुसरे कारण चाऱ्याचे. पावसाळ्यानंतर हिरवा चारा, नवी वैरण व उसाचे वाढे उपलब्ध होतात. मार्चनंतर ओला चारा घटतो, पाणी कमी पडते आणि पशुखाद्यावरील खर्च वाढतो.

तिसरे कारण उष्म्याचे. होल्स्टीन-फ्रिजियन या थंड प्रदेशातील जातीच्या संकरित गाईंना तापमान पंचविशीच्या पुढे गेल्यावर त्रास होऊ लागतो. जनावर चारा कमी खाते, पाणी अधिक पिते व दूध आटते. देशी गाईंना हा ताण कमी जाणवतो, परंतु त्यांचे दूधही मुळात कमी असते.

उत्पादनाचे मोजमाप

राज्याच्या दूध उत्पादनाचे आकडे प्रत्यक्ष मोजणीतून आलेले नसून ते ‘एकात्मिक नमुना सर्वेक्षणा’वर आधारलेले अंदाज असतात. या सर्वेक्षणात मार्च ते फेब्रुवारी असे वर्ष धरून त्याचे उन्हाळा (मार्च–जून), पावसाळा (जुलै–ऑक्टोबर) व हिवाळा (नोव्हेंबर–फेब्रुवारी) असे तीन भाग केले जातात. निवडलेल्या गावांतील जनावरांचे दूध मोजून त्यावरून जिल्ह्याचे व राज्याचे उत्पादन काढण्यात येते.

सहकारी संघांच्या व खासगी डेअऱ्यांच्या संकलनाचे आकडे यापेक्षा वेगळे असतात. घरी वापरलेले, गावातच विकलेले आणि गवळ्यांमार्फत परस्पर गेलेले दूध त्यांत धरलेले नसते. म्हणून एखाद्या वर्षी संकलन घटले, तर तेवढ्यावरून उत्पादन घटले असा निष्कर्ष काढता येत नाही. सर्वेक्षणाचे आकडे वजनात, तर खरेदीचे व्यवहार बहुधा लिटरमध्ये होतात. एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलोग्रॅम भरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या दूधपुरवठ्याचा प्रश्न बिकट झाला होता. १९४५ मध्ये मुंबईसाठी गुजरातमधील आणंद परिसरातून दूध आणण्याची योजना सुरू झाली. शहरातील गोठे बाहेर हलविण्याच्या हेतूने गोरेगाव येथे १९४९ मध्ये आरे दूध वसाहत स्थापन झाली. मुंबईच्या दूध योजनेचे प्रमुख दारा नसरवानजी खुरोडी यांना १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मिळाला. १९५८ मध्ये राज्यात स्वतंत्र दुग्धविकास विभाग निर्माण करण्यात आला.

पुढील दशकात सहकारी संघांची उभारणी झाली. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ (गोकुळ) १९६३ मध्ये स्थापन झाला. वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी उद्योगांत दूध संघाचाही समावेश होता. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गोठीत वीर्याच्या साहाय्याने संकरित गाईंचा प्रसार केला. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेच्या पहिल्या टप्प्यातील चार महानगरांपैकी मुंबई हे एक होते.

अलीकडील वर्षांतील वाटचाल

केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या आकडेवारीनुसार राज्याचे वार्षिक उत्पादन पुढीलप्रमाणे वाढत गेले (आकडे पूर्णांकात) :

२०११-१२ : सुमारे ८५ लाख टन
२०१५-१६ : सुमारे १०२ लाख टन
२०१७-१८ : सुमारे १११ लाख टन
२०१९-२० : सुमारे १२० लाख टन
२०२०-२१ : सुमारे १३७ लाख टन
२०२२-२३ : सुमारे १५० लाख टन

अकरा वर्षांत उत्पादन जवळपास पावणेदोन पट झाले. २०२२-२३ मध्ये देशाच्या सुमारे २,३०६ लाख टन उत्पादनात महाराष्ट्राचा वाटा साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता.

ही वाढ जनावरांची संख्या वाढल्यामुळे झालेली नाही. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १५५ लाख गोवंश होता, तो २०१९ च्या गणनेत सुमारे १४० लाखांवर आला. म्हशींची संख्या ५६ लाखांच्या आसपास स्थिर राहिली. शेतीकामात ट्रॅक्टर व पॉवर टिलर आल्याने बैल कमी झाले आणि कमी दूध देणाऱ्या देशी गाईंच्या जागी संकरित गाई आल्या. उत्पादनातील वाढ मुख्यत्वे या बदलातून आली. तिचा मोठा भाग अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे, सोलापूर, कोल्हापूर, सातारा व सांगली या जिल्ह्यांत एकवटलेला आहे.

२०२० मधील टाळेबंदीत हॉटेले व मिठाईची दुकाने बंद पडून मागणी घसरली. तेव्हा राज्य शासनाने दररोज दहा लाख लिटरपर्यंतचे अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपये दराने खरेदी करून त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये गोवंशात लम्पी त्वचारोगाची साथ पसरली व राज्यातील हजारो जनावरे दगावली.

गुणप्रत आणि तिचे बदल

दुधाची गुणप्रत प्रामुख्याने दोन घटकांवर ठरते : स्निग्धांश (फॅट) आणि स्निग्धेतर घनपदार्थ (एसएनएफ). दुसऱ्या घटकात प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे येतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के स्निग्धांश व ८.३ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असावे लागतात. पिशवीबंद दुधापैकी टोन्ड दुधासाठी हे प्रमाण अनुक्रमे ३.० व ८.५, प्रमाणित दुधासाठी ४.५ व ८.५ आणि संपूर्ण स्निग्ध (फुल क्रीम) दुधासाठी ६.० व ९.० टक्के असे आहे.

एकाच जनावराच्या दुधातही वर्षभरात फरक पडतो. विल्यानंतर दूध भरात असताना स्निग्धांश कमी असतो. दूध आटत जाते तसा तो वाढतो. हिवाळ्यात स्निग्धांश साधारणतः अधिक, तर उन्हाळ्यात कमी आढळतो. पावसाळ्याच्या आरंभी जनावरे कोवळा, पाणीदार चारा खातात. त्यात तंतुमय भाग कमी असतो. तंतुमय चारा कोठीपोटात आंबून जे ॲसेटिक आम्ल तयार होते, त्यापासून दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग घडतो. त्यामुळे हिरवागार चारा भरपूर असूनही त्या दिवसांत फॅट घसरते. उन्हाळ्यात चारा अपुरा पडल्याने शरीराला मिळणारी ऊर्जा घटते व एसएनएफ खाली येतो. म्हणून गुणप्रत घसरणे म्हणजे दुधात पाणी मिसळणे, असे प्रत्येक वेळी समजणे योग्य नाही.

स्निग्धांश मोजण्यासाठी गर्बर पद्धत ही पारंपरिक पद्धत आहे. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये गंधकाम्ल, दूध व अमाइल अल्कोहोल घालून ते वेगाने फिरविले जाते व वेगळ्या झालेल्या स्निग्धांशाचा स्तंभ वाचला जातो. लॅक्टोमीटरने दुधाची घनता पाहून एसएनएफ काढतात. आता बहुतेक संकलन केंद्रांवर ही दोन्ही मापने विद्युत यंत्रांनी काही सेकंदांत होतात. यंत्राचे अंशांकन बरोबर नसेल, तर त्या केंद्रावर दूध घालणाऱ्या सर्व उत्पादकांच्या मापनात तीच चूक होते.

जिवाणूंची वाढ हा गुणप्रतीचा आणखी एक पैलू होय. उन्हाळ्यात धार काढल्यापासून शीतकरण केंद्रापर्यंतचा वेळ लांबला की दूध आंबते. गावपातळीवरील बल्क कूलरमध्ये दूध ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्याने हे नुकसान बरेच टळते.

२०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरात ६,४३२ नमुन्यांची तपासणी केली. त्यांपैकी प्रत्यक्ष भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने केवळ १२ होते. ५.७ टक्के नमुन्यांत मात्र अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विषद्रव्य मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे द्रव्य बुरशी लागलेल्या पेंडीतून व चाऱ्यातून दुधात उतरते. दमट हवेत साठविलेल्या खाद्याच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

दरावरील परिणाम

राज्यात गाईच्या दुधाचा खरेदीदर बहुधा ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ या गुणप्रतीसाठी जाहीर केला जातो. एक दशांश टक्क्याला व्यवहारात ‘पॉइंट’ म्हणतात. गुणप्रत प्रत्येक पॉइंटने घसरली की दरात ठराविक कपात होते. उदाहरणार्थ, कपात पॉइंटमागे ३० पैसे धरली आणि दूध ३.२ व ८.३ असे लागले, तर पाच पॉइंटांमुळे लिटरमागे दीड रुपया कमी मिळतो. रोज वीस लिटर दूध घालणाऱ्या कुटुंबाला महिन्याकाठी ९०० रुपयांचा फरक पडतो. हे दूध कायदेशीर मानकात पूर्णपणे बसणारे असते, तरीही कपात लागू होते.

पुष्टकाळात दूध वाढते, पण मागणी त्या प्रमाणात वाढत नाही. अतिरिक्त दुधाची भुकटी व लोणी करतात. गाईच्या १०० लिटर दुधापासून साधारण साडेआठ किलो भुकटी मिळते. त्यामुळे भुकटीचा जागतिक बाजारभाव कोसळला की त्याचा फटका गावातील संकलन केंद्रापर्यंत पोहोचतो. जुलै २०१८ मध्ये दरासाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेने केलेल्या आंदोलनामागे हीच पार्श्वभूमी होती. त्यानंतर उत्पादकाला लिटरमागे २५ रुपये मिळावेत यासाठी ५ रुपयांचे अनुदान देण्यात आले. २०२४ मध्येही गाईच्या दुधासाठी प्रथम ५ रुपये व ऑक्टोबरपासून ७ रुपये प्रतिलिटर अनुदान जाहीर झाले.

कोकण व सिंधुदुर्ग

कोकणातील वार्षिक कल घाटमाथ्यावरील जिल्ह्यांपेक्षा वेगळा आहे. पाऊस विपुल असला तरी तो चार महिन्यांत पडून जातो आणि कातळसड्यांवरील गवत दिवाळीनंतर वाळते. उरलेल्या काळात जनावरांची मदार भाताच्या पेंढ्यावर असते. पेंढ्यात प्रथिने अत्यल्प व सिलिकाचे प्रमाण अधिक असल्याने तो पोट भरतो, पण दूध वाढवीत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्यासारख्या समुद्रकाठच्या गावांत भातशेती, माडाच्या बागा, मिठागरे व मासेमारी हे प्रमुख व्यवसाय राहिले. गुरे पाळली जात ती मुख्यतः नांगरणीसाठी व शेणखतासाठी. दमट हवेत घाम लवकर सुकत नसल्यामुळे संकरित गाईंना येथे उष्म्याचा ताण अधिक होतो.

कोकणातील स्थानिक गोवंशाला ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. ही गाय लहान चणीची, काटक व अल्प चाऱ्यावर तग धरणारी असून दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर दूध देते. आहारपद्धतीतही या परिस्थितीचे प्रतिबिंब दिसते. सोलकढी, शिरवाळ्यांसोबतचा रस व अनेक गोड पदार्थ येथे गाई-म्हशीच्या दुधाऐवजी नारळाच्या दुधात केले जातात.

सिंधुदुर्गात दुधाची मागणी गणेशोत्सवात एकदम वाढते, कारण मुंबईहून चाकरमानी मोठ्या संख्येने गावी येतात. हा सण कृशकाळाच्या अखेरीस येतो. त्यानंतरच्या पर्यटन हंगामातही स्थानिक उत्पादन अपुरे पडते. ही तूट कोल्हापूर व बेळगाव भागांतून आंबोली, फोंडा, करूळ या घाटांमार्गे येणाऱ्या दुधाने भरून निघते. पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्यास पुरवठ्यात खंड पडतो. बारमाही हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर गवत, पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया, मुरघास व शेण वापरून बायोगॅस हे उपाय या भागासाठी सुचविले जातात. त्यांचा मुख्य उद्देश उन्हाळ्यातील घट कमी करणे हा आहे. कोकणात एकूण उत्पादन वाढविण्याइतकेच वर्षभर सारखे दूध मिळणे महत्त्वाचे ठरते, कारण संकलनाची गाडी गावात रोज यावी, एवढे दूध बाराही महिने जमले तरच संकलन केंद्र टिकते.

हेसुद्धा पहा

कोकण कपिला
पंढरपुरी म्हैस
आरे दूध वसाहत
ऑपरेशन फ्लड
शिरोडा