घोड्यांच्या शर्यतींवरील पैज : इतिहास व यशस्वी पद्धती

शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांपैकी कोणता घोडा पहिला येईल किंवा पहिल्या दोन-तीन क्रमांकांत राहील, याविषयी अंदाज बांधून त्यावर पैसे लावण्याच्या व्यवहारास घोड्यांच्या शर्यतींवरील पैज म्हणतात. अशा पैजांत बहुसंख्य लोक दीर्घकाळात तोट्यात राहतात. तथापि विसाव्या शतकात काही मोजक्या व्यक्तींनी अभ्यासाच्या बळावर वर्षानुवर्षे नफा मिळविल्याची उदाहरणे आहेत. त्यांच्या पद्धती वरवर पाहता भिन्न असल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आढळते : यशस्वी पैजकर्ता केवळ जिंकणारा घोडा शोधत नाही, ज्या घोड्यावर मिळणारा भाव त्याच्या जिंकण्याच्या खऱ्या शक्यतेच्या मानाने अधिक आहे, असा घोडा तो शोधतो. उत्तम घोडाही अपुऱ्या भावात तोट्याचा ठरतो आणि सामान्य घोडा पुरेशा भावात फायद्याचा ठरू शकतो.

बुकी व भाव : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्‍लंडमधील पैजा मुख्यतः घोडेमालक व सरदार यांच्यात आपापसांत लागत. त्या शतकाच्या अखेरीस शर्यतीतील सर्वच घोड्यांवर भाव देऊन कोणाचीही पैज स्वीकारणारा व्यावसायिक, म्हणजे बुकी, पुढे आला. बुकीचा नफा भावांच्या रचनेतच दडलेला असतो. उदा., तीन घोड्यांच्या शर्यतीत त्याने अनुक्रमे एकास एक, एकास दोन व एकास तीन असे भाव दिले, तर कोणताही घोडा जिंकला तरी १०० रुपये हाती यावेत यासाठी पैजकर्त्यास अनुक्रमे ५०, ३३·३३ व २५ रुपये, म्हणजे एकूण १०८·३३ रुपये लावावे लागतात. शंभरावरील हे ८·३३ रुपये बुकीची आघाडी होय. भावांतून सूचित होणाऱ्या शक्यतांची बेरीज शंभर टक्क्यांहून नेहमीच अधिक असते, ही गोष्ट न ओळखणारा पैजकर्ता आरंभीच मागे पडलेला असतो.

सामायिक निधीची पद्धत : पॅरिसमध्ये व्यवसाय करणारा मूळचा कॅटालन उद्योजक झोझेफ ओलेर (१८३९–१९२२) याने १८६०–७० च्या दशकात ‘पारी म्युत्युएल’ ही निराळी पद्धत प्रचारात आणली. तीत सर्वांचे पैसे एका निधीत जमा होतात, संयोजक आपली ठराविक कपात करून घेतो व उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या पैजांच्या प्रमाणात वाटली जाते. बेकायदा जुगाराच्या आरोपावरून ओलेरला तुरुंगवासही घडला. परंतु १८९१ च्या कायद्याने फ्रान्समध्ये हीच पद्धत अधिकृत झाली. हजारो तिकिटांची बेरीज हाताने करणे कठीण असल्याने ती सर्वत्र रूढ होण्यास यंत्राची गरज होती. ऑस्ट्रेलियातील अभियंता जॉर्ज ज्यूलियस (१८७३–१९४६) याने मूळ मतमोजणीसाठी कल्पिलेले यंत्र या कामी वळविले व १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या एलर्झ्ली येथील मैदानावर पहिला स्वयंचलित टोटलायझेटर बसविण्यात आला. ‘टोट’ हे त्याचेच संक्षिप्त नाव होय.

या पद्धतीत भाव कोणी ठरवीत नाही. तो लोकमतातून निर्माण होतो. समजा, एका शर्यतीत एक लाख रुपये जमले, संयोजकाने २० टक्के कापले व एका घोड्यावर ४० हजार रुपये लागले आहेत. तो जिंकल्यास उरलेले ८० हजार त्याच्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटले जातील व प्रत्येक रुपयास दोन रुपये मिळतील. लोकांच्या मते या घोड्याची शक्यता ४० टक्के आहे. परंतु पैज फायद्याची ठरण्यास ती ५० टक्क्यांहून अधिक असावी लागते. म्हणजे केवळ लोकांइतकेच अचूक असून भागत नाही. कपात भरून निघेल इतके लोकांहून अधिक अचूक असावे लागते. जिंकणाऱ्याचा नफा संयोजकाच्या पदरचा नसून इतर पैजकर्त्यांच्या चुकांतून येतो.

घोड्याचे मूल्यमापन : घोड्यांची शास्त्रशुद्ध तुलना करण्याचा पाया इंग्‍लंडमध्ये ॲडमिरल हेन्री जॉन राऊस (१७९५–१८७७) याने घातला. घोड्याचे वय व वर्षातील महिना यांनुसार त्याने किती वजन वाहावे याचे कोष्टक त्याने सिद्ध केले. ‘हँडिकॅप’ शर्यतीत चांगल्या घोड्यावर अधिक वजन देऊन सर्वांना समान संधी देण्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे घोड्याने कितवा क्रमांक मिळविला याहून किती वजन घेऊन, कोणाविरुद्ध व किती अंतराने मिळविला हे महत्त्वाचे ठरते.

यॉर्कशरमधील खाणकामगाराचा मुलगा फिल बुल (१९१०–८९) हा गणिताचा पदवीधर व शिक्षक होता. घोड्याने शर्यतीस घेतलेला वेळ हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा आहे. मात्र मैदानाची स्थिती, अंतर, वाहिलेले वजन इत्यादींनुसार तो दुरुस्त करून घ्यावयास हवा, असे त्याचे प्रतिपादन होते. या गणिताच्या आधारे पैजा लावून त्याने मोठी संपत्ती मिळविली, शिक्षकी सोडली व १९४८ मध्ये ‘टाइमफॉर्म’ ही संस्था स्थापन करून प्रत्येक घोड्याचे गुणांकन जाहीरपणे विकण्यास प्रारंभ केला. मात्र जे ज्ञान सर्वांना विकत मिळते, ते भावातही उतरते आणि त्यापासून होणारा लाभ घटत जातो, हा पुढे अनेकदा आलेला अनुभव येथेच प्रथम ठळकपणे दिसतो.

लोकमतातील दोष : १९४९ मध्ये रिचर्ड ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शर्यतींच्या निकालांची भावांशी तुलना केली. लोकांचे भाव एकंदरीत आश्चर्यकारकरीत्या अचूक असले, तरी जिंकण्याची शक्यता अत्यल्प असलेल्या घोड्यांवर लोक प्रमाणाबाहेर पैसे लावतात व आवडत्या घोड्यांवर तुलनेने कमी लावतात, असे त्याला आढळले. पुढील काळात अनेक देशांतील पाहण्यांतून हा कल दिसून आला. हाँगकाँगसारखे काही अपवादही आढळले. थोड्या पैशांत मोठे घबाड मिळण्याची आशा हे त्याचे एक कारण मानले जाते. तथापि केवळ आवडत्या घोड्यांवर पैसे लावून सहसा नफा होत नाही. तोटा कमी होतो, इतकेच.

विल्यम झीम्बा, डोनल्ड हौश व मार्क रुबिन्स्टाइन यांनी १९८१ मध्ये याहून सूक्ष्म दोष दाखविला. ‘विन’ निधीतील भाव बरेच अचूक असतात. मात्र पहिल्या दोन वा तीन क्रमांकांसाठीचे निधी स्वतंत्र असून तेथील हिशेब लोकांना अवघड जातो. म्हणून विन निधीवरून प्रत्येक घोड्याची शक्यता काढावी व दुसऱ्या निधीत तो स्वस्त मिळत असेल तरच पैज लावावी, अशी ही पद्धत आहे. तीत घोड्याविषयी काहीही माहिती असण्याची गरज नसते.

पैजेची रक्कम : अनुकूल पैज सापडली, तरी तीवर किती रक्कम लावावी हा प्रश्न उरतो. हरल्यानंतर दरवेळी रक्कम दुप्पट करण्याची लोकप्रिय रीत विनाशकारी आहे. दहा रुपयांपासून आरंभ करून ओळीने दहा वेळा हरणाऱ्याचे १०,२३० रुपये गेलेले असतात व दहा रुपयांच्या नफ्यासाठी त्याला अकराव्या खेपेस १०,२४० रुपये लावावे लागतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ जॉन केली (१९२३–६५) याने १९५६ मध्ये माहितीच्या वहनाविषयीच्या संशोधनातून या प्रश्नाचे उत्तर दिले. अपेक्षित नफ्याच्या प्रमाणास भावाने भागून येणारा भांडवलाचा अंश लावल्यास भांडवल दीर्घकाळात सर्वाधिक वेगाने वाढते. उदा., भाव एकास दोन व खरी शक्यता ४० टक्के असल्यास अपेक्षित नफा रुपयास २० पैसे येतो; त्यास दोनाने भागता भांडवलाचा दहावा भाग लावणे इष्ट ठरते. अनुकूलता नसल्यास उत्तर शून्य किंवा ऋण येते, म्हणजे पैज लावू नये. शक्यतेचा अंदाज चुकण्याचा संभव असल्याने व्यवहारात याच्याही निम्मी वा एकतृतीयांश रक्कम लावण्याची सावधगिरी बाळगली जाते.

हाँगकाँगमधील प्रयोग : या सर्व तत्त्वांचा एकत्रित उपयोग १९८०–९० च्या दशकात हाँगकाँग येथे झाला. ऑस्ट्रेलियन ॲलन वुड्स (१९४५–२००८) व अमेरिकन विल्यम बेंटर हे दोघे पत्त्यांच्या ‘ब्लॅकजॅक’ या खेळातील गणिती खेळाडू होते. हाँगकाँगमध्ये केवळ हॅपी व्हॅली व शा टिन ही दोन मैदाने, सु. एक हजार घोड्यांचा तोच तो समूह, तपशीलवार प्रसिद्ध होणारी माहिती व प्रचंड निधी अशी अनुकूल परिस्थिती होती. प्रत्येक घोड्याची पूर्वीची कामगिरी, वजन, विश्रांतीचे दिवस, जॉकी इ. अनेक घटकांवरून संगणकाने त्याची शक्यता काढावी, अशी त्यांची योजना होती. आरंभी त्यांना तोटा झाला. पुढे दोघे विभक्त झाले व प्रत्येकाने स्वतंत्र गट उभारून अमाप धन मिळविले.

बेंटरने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधातील एक निष्कर्ष विशेष उद्‌बोधक आहे. संगणकाचा अंदाज लोकमताहून जेथे फार वेगळा पडे, तेथे संगणकही बहुधा चुकलेला असे. कारण घोड्याची प्रकृती, तबेल्यातील बातमी इ. त्याला अज्ञात गोष्टी लोकांच्या पैशांतून भावात उतरलेल्या असत. म्हणून त्याने आपला अंदाज व लोकांचा भाव यांचा सांख्यिकीय मेळ घातला आणि मगच ही पद्धत लाभदायक ठरली. लोकांविरुद्ध जिंकण्यासाठी प्रथम लोकमताचा आदर करावा लागतो, असा त्याचा अर्थ होय.

भारतातील स्थिती : मुंबईतील महालक्ष्मीचे मैदान १८८३ पासूनचे असून हिवाळ्यात मुंबई व पावसाळ्यात पुणे असा पश्चिम भारतातील शर्यतींचा क्रम रूढ आहे. बुकी व टोट या दोन्ही पद्धती येथे प्रचलित आहेत. सकाळच्या सरावातील वेळा, मागील शर्यतींचे निकाल, वजन यांची माहिती देणाऱ्या पुस्तिका घेऊन हिशेब मांडणारे शर्यतशौकीन मैदानावर नेहमी दिसतात. मद्रासच्या शर्यतींसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला व त्यामुळे तीवरील पैज जुगाराच्या व्याख्येतून वगळली गेली. मात्र करांचा भार वाढत गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने पैजेच्या संपूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कराची तरतूद पक्की झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्के करण्यात आला. हाँगकाँगमधील ‘विन’ निधीवरील सु. साडेसतरा टक्के कपातीवर मात करणारे गणित अशा भाराखाली टिकणे जवळजवळ अशक्य आहे.

मर्यादा : यशस्वी पैजकर्त्याचे यश स्वतःच्याच मुळावर येते. बुकी सतत जिंकणाऱ्याची पैज नाकारतो वा मर्यादित करतो. टोटमध्ये कोणी नाकारत नाही; परंतु मोठी रक्कम लावताच स्वतःच्या पैशामुळेच भाव उतरतो. संगणकाचा वापर करणारे गट अनेक झाल्यावर भाव अधिक अचूक होतात व प्रत्येकाच्या वाट्यास कमी येते. शिवाय हे यश वर्षानुवर्षांच्या नोंदी, मोठे भांडवल, शेकडो शर्यती पैज न लावता सोडून देण्याचा संयम आणि दीर्घ तोटा सोसण्याची शक्ती यांवर अवलंबून असते. शनिवार-रविवारी तिकीटखिडकीशी उभ्या असलेल्या सामान्य माणसाजवळ यांपैकी क्वचितच काही असते. शर्यतीत कौशल्यास वाव आहे, हे न्यायालयाचे मत इतिहासाने खरे ठरविले आहे. परंतु ते कौशल्य ज्यांच्याजवळ आहे, त्यांचा नफा ज्यांच्याजवळ ते नाही त्यांच्या खिशातून येतो, हेही त्याच इतिहासाने दाखविले आहे.