‘गुडबाय, टीचर’: लेक्चरशिवाय चाललेला सायकॉलॉजीचा वर्ग

आज सायकॉलॉजीच्या एका वर्गाची गोष्ट. या वर्गात लेक्चर अगदी मोजकी असायची, आणि त्यांना बसायची सक्तीही नव्हती.

गोष्ट आहे १९६० च्या दशकातल्या ब्राझीलची. राजधानी ब्राझिलिया तेव्हा नवीकोरी होती आणि तिथलं विद्यापीठ १९६२ साली सुरू झालेलं. मानसशास्त्राचा विभाग पायापासून उभा करायचा होता. त्याचा आराखडा चौघांनी आखला: ब्राझीलचे कॅरोलिना बोरी आणि रोदोल्फो अझी, अमेरिकेचे फ्रेड केलर आणि गिल्मर शर्मन.

यातल्या केलर यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स कोड शिकवण्याची एक पद्धत बसवली होती. सिग्नल वाजला की शिकणाऱ्याने अक्षर लिहायचं, आणि लगेच बरोबर उत्तर ऐकायला मिळायचं. चूक तिथल्या तिथे कळायची. कॉलेजात मात्र पेपर आज आणि निकाल कितीतरी दिवसांनी! म्हणजे बघा, माणूस कसा शिकतो हे सांगणारा विषय, पण तो शिकवताना त्याच शास्त्राकडे पाठ.

मग या चौघांनी काय केलं? अभ्यासक्रमाचे छोटे छोटे भाग पाडले. प्रत्येकाने आपल्या वेगाने वाचायचं आणि तयारी झाली की छोटी चाचणी द्यायची. तो भाग आधीच पक्का केलेला एखादा विद्यार्थी ती समोर बसवून तपासणार, काय चुकलं ते बोलून समजावणार. जमलं तर पुढचा भाग. नाही जमलं तर पुन्हा वाचा, पुन्हा या. मार्क कापणं नाही, एटीकेटी नाही. लेक्चर फक्त गोडी लागावी म्हणून.

खरी गंमत इथे आहे. नेहमीच्या वर्गात वेळ ठरलेला असतो; समजणं ज्याचं त्याच्या नशिबावर. इथे समजणं पक्कं ठरवलं आणि वेळ मोकळा सोडला.

ऑगस्ट १९६४ मध्ये सुमारे ५० विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू झाला. पण त्याच वर्षी लष्कराने देशाची सत्ता बळकावली होती आणि एप्रिलमध्येच सैनिक विद्यापीठात घुसले होते. १९६५ मध्ये सहकाऱ्यांना काढून टाकल्याच्या निषेधार्थ २०० हून अधिक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. विद्यापीठच खिळखिळं झालं.

पद्धत मात्र टिकली. केलर यांनी ती अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात चालवली आणि १९६८ मध्ये ‘गुडबाय, टीचर’ या नावाचा लेख लिहिला. पुढे अनेक कॉलेजांनी ती उचलली. १९७९ मध्ये ७५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या पद्धतीने शिकलेल्यांचे शेवटच्या परीक्षेतले मार्क सरासरीने जास्त निघाले.

मग ती मागे का पडली? कारण भाग पाडा, चाचण्या काढा, तपासणारे तयार करा, हे काम फार. काही मुलं चालढकल करायची आणि सेमिस्टर तर तारखेलाच संपणार. शिवाय इतक्या जणांना ‘ए’ ग्रेड मिळाली की ‘मार्क खिरापतीसारखे वाटले’ अशी शंका यायचीच.

पण केलर यांचं म्हणणं साधं होतं: सगळ्यांना आलं, तर तो शिकवण्याचा विजय. अर्धा वर्ग नापास झाला की आपण मुलांकडे बोट दाखवतो. तो निकाल नेमका कुणाचा असतो, ते तुम्ही ठरवा.

भेटूया पुढच्या भागात!