जाळी आणि ताणाबाणा : भौमितिक अमूर्ततेची एक वगळलेली बाजू

मराठी कलासमीक्षेने भौमितिक अमूर्ततेचा इतिहास बहुधा आयात मालाच्या नोंदवहीसारखा लिहिला. आधी मालेविच, माँद्रियान आणि बाउहाउस, मग मुंबईतील त्यांचे पडसाद. तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांच्या वस्तीने घडलेल्या पूर्व सोलापुराला, तेथील भवानी पेठेतल्या मागांना, या नोंदवहीत स्थान नाही. सोलापुरी चादरीची गणना ‘हस्तव्यवसाया’त केली की तिच्या रूपबंधाविषयी बोलण्याची जबाबदारी टळते, हे या वर्गीकरणाचे खरे सोयीचे कारण होय.

स्क्रीनप्रिंट या माध्यमाकडे नीट पाहिले तर ही सोय टिकत नाही. सॅम्युअल सायमन याने १९०७ मध्ये इंग्लंडात ज्या पद्धतीचे पेटंट घेतले तिचा आधारच मुळी विणलेले कापड आहे. चौकटीवर ताणलेल्या रेशमाची (पुढे नायलॉन-पॉलिएस्टरची) काही छिद्रे बुजवायची आणि उरलेल्यांतून रबरी पट्टीने शाई दाबायची. प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट. जेकार्ड मागावरही निर्णय तोच असतो. आलेखावरील घर भरलेले किंवा रिकामे, पुठ्ठ्यात भोक आहे किंवा नाही. आडव्या-उभ्या धाग्यांना सरळ कड सहज साधते, तिरकी रेषा मात्र बारीक पायऱ्यांनीच चढते. चादरीवरील फुला-मोरांच्या कडाही अशाच पायऱ्यांच्या असतात. भूमिती येथे तत्त्वज्ञानाच्या आधी साधनातून येते.

हा संबंध पाश्चात्त्यांना अपरिचित नव्हता. ॲनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउसमध्ये दाखल झाल्या, तेथे विणकाम शिकल्या, १९६३ पासून मुद्राचित्रांकडे वळल्या आणि १९७०च्या सुमारास त्यांनी माग सोडला. त्याच १९६३ साली जोसेफ आल्बर्स यांचा रंगांच्या परस्परक्रियेवरील ग्रंथ येल विद्यापीठाने स्क्रीनप्रिंटच्या रंगपत्रांसह प्रसिद्ध केला. शेजार बदलला की रंग बदलतो, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. मराठी वाचकाला येथे मर्ढेकर आठवावेत. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी त्यांनीही घटकापेक्षा घटकांमधील संबंधालाच सौंदर्याचे अधिष्ठान मानले होते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर मराठीत अमाप वाद झाले. पण ते तत्त्व एखाद्या चादरीवर पारखून पाहावे, असे कोणा वादकाला सुचल्याचे दिसत नाही.

वास्तविक चादर ही त्या सिद्धान्ताची कठोर कसोटी ठरली असती. तिच्या दुपदरी विणीत एका बाजूस जो रंग आकृतीचा तोच दुसऱ्या बाजूस भूमीचा होतो. आकृती कोणती आणि भूमी कोणती, हा प्रश्न पाहणाऱ्याने चादर उलटताच पुन्हा उभा राहतो. स्क्रीनप्रिंटला ही शक्यता नाही. तेथे शाई वरून बसते, कागदाची पाठ कोरी राहते. उलट सपाट, निर्लेप रंगपृष्ठ हे त्याचे सामर्थ्य धाग्याला अप्राप्य आहे. चादरीला सरसकट ‘अमूर्त चित्र’ म्हणणे म्हणूनच उतावीळपणाचे. त्या गौरवात तिची स्वतःची रीतच हरवते.

रोझालिंड क्रॉस यांनी १९७९ मध्ये जाळीला आधुनिक कलेच्या मौनाचे, कथनविरोधाचे चिन्ह ठरवले. पॅरिसपुरते ते पटते. मागावर मात्र जाळी मौन पाळत नाही. ती मजुरीचा हिशेब, पुठ्ठ्यांची संख्या, रंगाचा खर्च बोलते. प्रभाकर बरवे १९६१ पासून आधी वाराणसीच्या आणि पुढे मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात दीर्घकाळ नोकरीस होते. त्यांच्या चित्रांतील सपाट, काटेकोर आकारांचा विचार करताना समीक्षक क्लीचे नाव आधी घेतात, केंद्राचे क्वचितच.